खोक्याचा पंचनामा

गेल्या वर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी आमच्याकडे एक मोठे खोके आले. कुरिअरच्या पोराने ते तीन जिने चढवून दारात टेकवले आणि घाम पुसत विचारले, "काका, टीव्ही का?" टीव्ही नव्हता. संगणकाचे रिकामे कॅबिनेट होते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीने स्वतःचा संगणक स्वतःच जोडायचे ठरवले होते आणि एकेक सुटा भाग आमच्या पत्त्यावर मागवला होता. मी कात्री घेऊन पुढे झालो, तशी ती ओरडली, "मामा, थांब! आधी मोबाइल लावू दे."

मग मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून उभा राहिला, खोके चारी बाजूंनी दाखवले गेले, चिकटपट्टी कापली गेली, थर्माकोलचा तो दात शिवशिवणारा आवाज झाला आणि कॅबिनेट बाहेर आले. रात्री तिने मला ते चित्रीकरण पाठवले. अकरा मिनिटांचे होते. सवयीप्रमाणे मी कागद-पेन्सिल घेऊन कशाला किती वेळ मिळाला ते टिपले. जवळजवळ चार मिनिटे खोके आणि थर्माकोल. तीन मिनिटे काचेचे झाकण आणि त्यावरचा संरक्षक कागद सोलण्याचा सोहळा. बाकीचा वेळ पुढची जाळी, पंखे आणि त्यांचे दिवे. कॅबिनेटच्या पोटात, एका पट्ट्याने बांधलेली एक पांढरी पुठ्ठ्याची डबी होती. ती निघाली, मोबाइलसमोर हलवून वाजवली गेली, "आणि ह्या अॅक्सेसरीज" एवढे म्हणून बाजूला ठेवली गेली. चार सेकंद.

हा लेख त्या चार सेकंदांविषयी आहे.

मी अभियंता नाही. बी.कॉम.चे दुसरे वर्ष अर्धवट सोडून सांगलीत संगणक दुरुस्तीचे दुकान टाकले. जे शिकलो ते बिघडलेली यंत्रे उघडून आणि मदरबोर्डची माहितीपुस्तके शब्दकोश शेजारी ठेवून वाचत शिकलो. दुकान बंद केल्यावर रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या इतिहासाचा नाद लागला. पुस्तकांचे परीक्षण असते, नाटकाचे असते, तसे वस्तूचेही असावे, असे मला वाटते. आज ते काम बव्हंशी अनबॉक्सिंग नावाच्या प्रकाराने आपल्याकडे घेतले आहे. तेव्हा ते काम नीट होते का, हे कोणीतरी पाहायला हवे.

नावाचा घोळ

आधी नावाचे पाहू. इंग्रजी जाहिराती ज्याला केस म्हणतात, त्याला आपल्याकडचा दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही कॅबिनेट म्हणतात. कार्यालयांतून आणि शाळांतून तर त्याच डब्याला 'सीपीयू' म्हणण्याची पद्धत पडली. "सीपीयू जरा पुसून घ्या" असे म्हणताना कोणाच्याही मनात आतली ती चौकोनी चिप नसते. ही चूक आहे खरी; पण तिच्यामागे एक समज आहे. डबा बंद, म्हणून आतले सगळे एकच. आत काय आहे ते पाहण्याचे आपले काम नाही.

कॅबिनेट विकत घेणारा माणूस नेमका हा समज मोडत असतो. तो जे घेतो ते रिकामे असते. पत्र्याचा सांगाडा, दोन झाकणे, एखाद-दोन पंखे, पुढच्या बटणापासून लोंबणाऱ्या चार वायरी आणि ती पांढरी डबी. मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी, डिस्क, एसएमपीएस हे सारे त्याने निरनिराळ्या कंपन्यांकडून आणायचे आणि इथे बसवायचे. मोबाइल, मिक्सर, टीव्ही या वस्तू पूर्ण होऊन खोक्यात येतात. कॅबिनेट अपूर्ण येते, आणि ते पूर्ण करायची जबाबदारी गिऱ्हाइकावर टाकते. आपल्या घरात येणाऱ्या वस्तूंत अशी थोडीच उरली आहेत.

आता या अपूर्ण वस्तूला पूर्ण वस्तूचे मोजमाप लावले की काय होते, ते अनबॉक्सिंगमध्ये दिसते.

दोन प्रकारची अनबॉक्सिंग

'अनबॉक्सिंग' हा शब्द 2006 च्या सुमारास इंग्रजीत रुळू लागला. खोके उघडण्याला नाट्य असते हे विक्रेत्यांना मात्र त्याच्या खूप आधी कळले होते. अॅपलच्या पहिल्या दिवसांत, 1977 साली, माइक मार्कुला यांनी कंपनीचे विक्रीविषयक धोरण एका पानावर लिहून दिले. त्यातल्या तीन तत्त्वांपैकी एक असे, की माल कसा मांडला आहे त्यावरून लोक मालाविषयी मत बनवतात. पुढे या कंपनीच्या खोक्यांची झाकणे जी सावकाश, अदबीने उघडू लागली, त्याची मुळे त्या पानात आहेत.

हे झाले सोहळ्याचे अनबॉक्सिंग. त्याचा क्रम सत्यनारायणाच्या पूजेसारखा ठरलेला. खोक्याचे दर्शन, वेष्टन कापणे, आवाज, वस्तूचे प्रकटन, संरक्षक कागद सोलणे, पहिला स्पर्श. यात डबीला चारच सेकंद मिळणार हे ओघाने आले. स्क्रू काही चमकत नाहीत.

पण आपल्याकडे दुसरेही एक अनबॉक्सिंग आहे आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. घरपोच मागवलेला माल फुटका निघाला, त्यात काही कमी निघाले, तर अनेक विक्रेते पहिला प्रश्न विचारतात, खोके उघडतानाचे चित्रीकरण आहे का? मध्ये कुठेही न थांबवलेले, पत्त्याची चिठ्ठी दिसणारे. तसे नसेल तर तक्रार ऐकून घेतली जात नाही. भाचीने मोबाइल लावला तो थोडा हौसेने आणि पुष्कळसा या भीतीने. कारण मागच्या महिन्यात तिच्या मैत्रिणीकडे आलेल्या कॅबिनेटच्या काचेचा चुरा निघाला होता आणि चित्रीकरण नसल्याने ते पैसे बुडाले होते. लहान गावातल्या माणसाला वस्तू परत नेऊन द्यायला काउंटरच नसतो. त्याच्यासाठी अनबॉक्सिंग हा सोहळा नसून पंचनामा आहे.

मला वाटते, या प्रकाराचे खरे रूप हेच. पंचनाम्यात काय काय मिळाले, किती मिळाले, कोणत्या अवस्थेत मिळाले, हे लिहायचे असते. त्या कसोटीवर भाचीचे, आणि तिने ज्यांचे पाहून केले त्या नामवंतांचेही चित्रीकरण अपुरे ठरते. कारण त्यात मोजदादच नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी ती डबी घेतली, स्वयंपाकघरातले एक स्टीलचे ताट घेतले आणि मोजदाद केली.

ताटातले इंच आणि मिलिमीटर

ताटात पडले ते असे: जाडसर आट्यांचे स्क्रू एका पिशवीत, बारीक आट्यांचे दुसऱ्या पिशवीत, काही पितळी स्टँडऑफ म्हणजे मदरबोर्ड ज्यांवर टेकतो ते षट्कोनी खुंट, त्यांना घट्ट करायची एक छोटी टोपी, डझनभर केबल टाय आणि एक घडीचा कागद.

यातले दोन जातींचे स्क्रू प्रथमदर्शनी सारखेच दिसतात. पण त्यांची कुळे वेगळी आहेत. जाडसर आट्यांच्या स्क्रूला 6-32 म्हणतात. सहा हा जाडीचा क्रमांक, आणि बत्तीस म्हणजे एका इंचात बत्तीस आटे. त्याचा व्यास सुमारे 3.5 मिलिमीटर. दुसरा एम-3. त्याचा व्यास 3 मिलिमीटर आणि दोन आट्यांतले अंतर अर्धा मिलिमीटर. पहिल्याचे हेच अंतर भरते सुमारे 0.79 मिलिमीटर. एसएमपीएस, मोठी हार्ड डिस्क आणि बहुतेक झाकणे पहिल्या कुळाची. छोटी अडीच इंची डिस्क आणि सीडी-डीव्हीडीचे यंत्र दुसऱ्या कुळाचे. एम-3 चुकून 6-32 च्या भोकात घातला तर तो सैल फिरत राहतो. उलट केले आणि जोर लावला, तर भोकाचे आटे गेलेच म्हणून समजा.

एका डब्यात ही दोन कुळे का नांदतात, याचे उत्तर शोधायला बरेच मागे जावे लागते. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 साली सर्व कारखान्यांनी स्क्रूचे आटे एकाच मापाचे पाडावेत अशी योजना मांडली. त्यांच्या आट्याचा कोन 55 अंशांचा. 1864 साली अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये, विल्यम सेलर्स यांनी दुसरी योजना मांडली. त्यांचा कोन 60 अंशांचा, कारण तो पाडायला आणि मोजायला सोपा. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या यंत्रांचे सुटे भाग एकमेकांत बसेनात, तेव्हा कुठे 1948 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी इंचाच्या आट्यांचे एक समान मानक मान्य केले. कोन 60 अंशांचाच ठरला. युरोप-आशियाचे मेट्रिक कुळ त्याच्या शेजारी वाढतच होते. 1981 च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी अमेरिकेत बाजारात आला, त्याचा सांगाडा इंचांचा. पुढे जगभरचे भाग त्यात येऊन बसू लागले, तसे मिलिमीटरही आत शिरले.

आपल्याला यात नवल वाटू नये. आपल्या देशाने 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली, तरी आमच्या गल्लीतला सुतार आजही दरवाजा "दोन सूत कमी कर" असेच म्हणतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कायदा बदलला म्हणून हात बदलत नाही. चीनमध्ये घडून सांगलीत आलेल्या कॅबिनेटच्या डबीत फिलाडेल्फियाचा आटा सापडतो, तो याच नियमाने.

परीक्षणात याला जागा हवी ती इतिहासाच्या हौसेसाठी नव्हे. दोन कुळांचे स्क्रू वेगळ्या पिशव्यांत, नावे घालून दिले आहेत, की सगळे एकाच पिशवीत कोंबले आहेत, यावरून कळते की बनवणाऱ्याने जोडणाऱ्याचा विचार केला होता की नाही. भाचीच्या डबीत पिशव्या वेगळ्या होत्या, पण त्यांवर नुसते ए आणि बी. ए म्हणजे काय, ते घडीच्या कागदात. म्हणजे अर्धा विचार केला होता.

एक जादा खुंट

आता माझी एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आवडत नाही.

2003 साल. दुकान जरा बरे चालत होते. जवळच्या गावातल्या एका गुरुजींनी मुलीसाठी संगणक सांगितला. पतपेढीचे कर्ज काढून. कॅबिनेट मोठे होते, नऊ खुंटांचे, कारखान्यातूनच बसवून आलेले. मदरबोर्ड मात्र आखूड, मायक्रो-एटीएक्स प्रकारचा. आखूड बोर्डाला सगळे खुंट लागत नाहीत. जे लागत नाहीत ते काढून टाकायचे असतात, कारण खुंट पितळी, बोर्डाच्या पाठीवर डागाचे उघडे टोक असतात आणि दोघांची गाठ पडली की वीज भलत्या वाटेने जाते. मला हे माहीत होते. पण खुंट घट्ट होता, पक्कड सापडेना, आणि गुरुजी बाकावर बसून होते. "बोर्डाखाली भोक नसेना का, टेकला तर टेकला," असे म्हणून मी बोर्ड वर ठेवून आवळला.

बटण दाबले. पंखा अर्धा वेढा फिरला आणि थांबला. नंतर काही केल्या तो बोर्ड उठला नाही. गुरुजींना मी "बोर्डच खराब आला होता" असे सांगितले. दुसरा बोर्ड मी पदरच्या पैशाने आणला, साडेपाच हजार गेले, पण खोटे बोललो ते बोललोच. चार-पाच दिवसांनी दुकान झाडताना त्या कॅबिनेटची न उघडलेली पिशवी सापडली. तिच्यात ती छोटी षट्कोनी टोपी होती. स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर बसवायची आणि खुंट काढायचा. पाव मिनिटाचे काम. कंपनीने ती माझ्यासारख्यासाठीच दिली होती आणि मी पिशवी उघडलीही नव्हती.

म्हणून त्या चार सेकंदांचा मला राग येतो. भाचीचा नव्हे, त्या रिवाजाचा. पिशवी बाजूला टाकणे हे किती स्वाभाविक आहे आणि किती महाग पडते, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

जे आता डबीत येत नाही

चांगला पंचनामा जे सापडले नाही तेही लिहितो. जुन्या कॅबिनेटांतून काय काय येत असे आणि आता येत नाही, याची यादीही काही सांगते.

मी 1997 मध्ये पहिल्यांदा लॅमिंग्टन रोडवरून कॅबिनेट आणले, महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बाकाखाली घालून. ते जुन्या एटी पद्धतीचे होते. त्यासोबत दोन गोल किल्ल्या होत्या. पुढच्या कुलपात किल्ली फिरवली की कीबोर्ड बंद पडायचा. 'टर्बो' नावाचे एक बटण होते, जे नावाच्या उलट, यंत्र हळू करण्यासाठी असे, म्हणजे जुने खेळ भलत्या वेगाने पळू नयेत. आणि पुढच्या बटणापर्यंत एक जाड वायर आलेली असे, जिच्यातून घरची 230 व्होल्टची वीज थेट खेळत असे. एसएमपीएसच्या दोन जोडण्या एकमेकींच्या जागी बसू शकत आणि तसे झाले तर बोर्ड जळे. "काळ्याला काळी" हा मंत्र आम्ही पाठ केला होता. दोन्ही जोडण्यांच्या काळ्या वायरी मध्ये शेजारी शेजारी आल्या पाहिजेत.

1995 साली इंटेलने एटीएक्स हे मानक जाहीर केले आणि हळूहळू हे सारे गेले. जोडणी एकच झाली, उलटी बसणार नाही अशी. पुढचे बटण आता बोर्डाला फक्त एक खूण करते, तिथवर घरची वीज येत नाही. भाचीच्या कॅबिनेटमधली 'पॉवर स्विच' लिहिलेली ती केसासारखी बारीक वायर त्या जाड केबलची वारस आहे. बोर्डाची लांबी-रुंदी 305 गुणिले 244 मिलिमीटर, खुंटांच्या जागा, पाठीमागची खिडकी 158.75 गुणिले 44.45 मिलिमीटर, हे सारे ठरून गेले. त्या खिडकीची गंमत अशी, की खिडकी कॅबिनेटवाला कापतो आणि तिच्यात बसणारी पट्टी बोर्डवाला देतो. दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नसते, तरी पट्टी बसते. तीस वर्षांपूर्वीच्या सांगाड्यात आजचा बोर्ड बसू शकतो. दुसऱ्या कोणत्या विजेच्या वस्तूबद्दल असे म्हणता येईल?

हे गेले ते चांगले झाले. पण काही गोष्टी गेल्या त्या चांगल्या झाल्या नाहीत. सव्वापाच इंची खण गेले. 2014 च्या एनझेडएक्सटी एच-440 पासून बिनखणाच्या कॅबिनेटांची लाट आली आणि खणांसोबत त्यांच्या पट्ट्याही डबीतून गेल्या. त्याचे मला दुःख नाही. दुःख आहे ते बोटाच्या पेराएवढ्या भोंग्याचे. संगणक सुरू होताना सगळे ठीक असेल तर एक छोटा 'पीं' वाजे. अनेक जुन्या बोर्डांवर एक लांब आणि दोन आखूड वाजले की चित्राच्या कार्डात दोष. पडदा काळा असतानाही यंत्र बोलत असे आणि ज्याला कोणी शिकवायला नाही, त्याला ते बोलणे पुरत असे. आज पुष्कळशा डब्यांतून तो भोंगा गायब झाला आहे. अनेक मदरबोर्डांवर त्याच्यासाठी चार पिना अजून तयार असतात, आणि त्या रिकाम्या राहतात.

तसाच तो घडीचा कागद. पूर्वी पुस्तिका येई. आता बऱ्याचदा एक मोठा कागद, चित्रे नखाएवढी, आणि कोपऱ्यात स्कॅन करायचा चौकोन. शब्द कमी करून चित्रे वाढवली, तर सर्व भाषांच्या माणसांची सोय होते, हे खरे. मी स्वतः चित्रांवरूनच शिकलो. पण चित्र मोठे हवे. चष्मा लागलेल्या माणसाने कॅबिनेट जोडू नये, असा त्या कागदाचा अभिप्राय दिसतो.

काच, फरशी आणि दोन स्क्रू

सोहळ्याच्या अनबॉक्सिंगमध्ये सर्वांत जास्त मान काचेला. टफन केलेली ही काच सहाशे अंशांच्या वर तापवून झटकन थंड केलेली असते. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. सपाट बाजूने ती बरेच सोसते. तिची कड मात्र नाजूक. फरशीचे सिरॅमिक काचेहून कठीण, त्यामुळे उघड्या फरशीवर कड जरा जोरात टेकली तरी अख्खी काच क्षणात बारीक चुऱ्यात ढासळू शकते. ज्या देशांत खोलीभर गालिचा असतो तिथे ही गोष्ट दुय्यम आहे. आपल्या घरांतून विट्रिफाइड फरशी असते आणि आपण वस्तू खालीच ठेवतो. तेव्हा "काच काढल्यावर सतरंजीवर किंवा गादीवर ठेवा" हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक परीक्षणात पहिल्या मिनिटात यायला हवे. ते मी फारच क्वचित ऐकले आहे.

डोळ्यांना जे दिसते त्यावर परीक्षण थांबले की काय निसटते, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे एनझेडएक्सटी कंपनीचे एच-1 हे छोटे, उभे, देखणे कॅबिनेट. ते 2020 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत विक्रीला आले. एसएमपीएस, पाण्यावर चालणारी थंडावा-यंत्रणा आणि चित्राचे कार्ड जोडायची पट्टी हे सारे आधीच बसवून दिलेले. म्हणजे जोडणाऱ्याचे काम शक्य तितके कमी केलेले, जवळजवळ पूर्ण वस्तूच. ती पट्टी सांगाड्याला दोन स्क्रूंनी आवळलेली होती. त्या स्क्रूंमुळे पट्टीच्या आत शॉर्ट सर्किट होऊन आग लागण्याचा धोका निघाला. कंपनीने नोव्हेंबरमध्ये विक्री थांबवली आणि धातूच्या स्क्रूऐवजी लावायला नायलॉनचे स्क्रू पाठवण्याचा उपाय काढला. गेमर्स नेक्सस या परीक्षकांनी प्रयोग करून दाखवले की दोष मुळात पट्टीच्या रचनेत आहे, नुसते स्क्रू बदलून भागणार नाही. 2021 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगामार्फत सुमारे 32,000 कॅबिनेटांसाठी परत बोलावणे जाहीर झाले आणि नव्या रचनेची पट्टी द्यावी लागली.

हा दोष खोके उघडून दिसणारा नव्हता, हे मान्य. अनबॉक्सिंग करणाऱ्यांना त्यासाठी दोष देणे अन्याय होईल. पण स्क्रू ही दखल घेण्याजोगी गोष्टच नाही, असे मानणारी परीक्षणाची रीत अशा दोषापर्यंत पोहोचणार कशी? तिथे पोहोचले ते ज्यांनी उघडले, मोजले आणि आवळून-सोडून पाहिले ते.

मग परीक्षण कसे असावे

कोणी म्हणेल, अहो, पोरे हौसेने खोके उघडतात, त्यात एवढे काय? हौसेला माझा विरोध नाही. नव्या पुस्तकाचा वास मीही घेतो. पण वास घेतला म्हणजे पुस्तक वाचले असे मी सांगत नाही.

कॅबिनेटच्या परीक्षणाने माझ्या मते पाच प्रश्नांची उत्तरे द्यावीत. डबीत काय काय, किती नग, आणि एखादा जास्तीचा दिला आहे का? पिशव्यांवर माणसाला कळेल असे नाव आहे का? कोणते अवजार सोबत दिले, आणि कोणते घरात असायलाच हवे? बोर्ड आखूड असेल तर कोणते खुंट काढायचे हे सांगितले आहे का? आणि सगळे जोडून झाल्यावर, सहा महिन्यांनी जाळीतली धूळ काढायला कोणता स्क्रू सोडावा लागतो, की जाळी हाताने निघते? शेवटचा प्रश्न उघडण्याच्या दिवशी सुचत नाही. तो वापरणाऱ्याचा प्रश्न आहे.

या प्रश्नांमागे एकच विचार आहे. ती डबी म्हणजे बनवणाऱ्याने अनोळखी माणसाच्या हातांवर टाकलेला विश्वास. "इथवर मी केले, पुढचे तू करशील," असे ती म्हणते. दिवाळीत अंगणात मुले मातीचा किल्ला करतात. हल्ली तयार किल्लेही विकत मिळतात. सुबक असतात, रंगवलेले. पण दगड-गोटे रचून, गोणपाट अंथरून, वर माती लिंपताना बुरूज ढासळला की तो का ढासळला हे जे कळते, ते तयार किल्ल्यात कळत नाही. बॅटरी चिकटवलेले मोबाइल आणि मेमरी डाकलेले लॅपटॉप यांच्या काळात कॅबिनेट ही अजून मातीच्या किल्ल्याची जागा आहे. माझ्यासारख्या पदवी नसलेल्या माणसाचे सारे शिक्षण या एका उघडता येणाऱ्या डब्याने केले. त्याचे परीक्षण करताना आपण त्याला तयार किल्ला समजू लागलो, तर बनवणारेही तसाच बनवू लागतील. एच-1 त्याच वाटेवरचा होता.

भाचीला मी गुरुजींची गोष्ट सांगितली, खोटे बोललो त्यासकट. ती काही बोलली नाही. मग ताट पुढे ओढून तिने स्वतः मोजायला घेतले, कागदावरच्या तक्त्याशी ताडून. तिचा बोर्डही आखूड होता. तीन खुंट जादा होते. ते तिने त्या टोपीने काढले आणि पिशवीत परत टाकून वर पेनने लिहिले, "काढलेले – 3".

रात्री साडेबाराला यंत्र उभे राहिले. माझ्या जुन्या बोर्नव्हिटाच्या डब्यातून शोधलेला भोंगा आम्ही त्या चार पिनांवर बसवला होता. बटण दाबले, पंखे फिरले आणि एक छोटा 'पीं' झाला. तिने दचकून विचारले, "काय बिघडलं?"

"काही नाही," मी म्हटले. "सगळं ठीक आहे म्हणतंय."

ताटात पाच स्क्रू उरले होते. तिने तक्ता पुन्हा पाहिला. पाचही जास्तीचे म्हणून दिलेले होते.